दगडी फायरप्लेस असलेल्या हॉलमध्ये टीव्ही कुठं लावावा?

कॅम्पातली_सून

नमस्कार मंडळी,

बेळगावात कॅम्पच्या बाजूला आमचं जुनं बंगलेवजा घर आहे, आजेसासऱ्यांनी घेतलेलं. मंगळुरी कौलं, दीड-दोन फुटी भिंती, आणि हॉलच्या लांब भिंतीच्या बरोबर मधोमध काळ्या दगडाची भलीमोठी फायरप्लेस. रुंदी सात फूट. तोंडाच्या वर दगडाचीच एक फळी आहे, जमिनीपासून पावणेपाच फुटांवर. तिथून पुढं चिमणीचा दगडी भाग सरळ छतापर्यंत गेलाय. हॉल १८ बाय १४.

दिवाळीला घरात ५५ इंची टीव्ही आला आणि अजून खोक्यातच आहे. सासरे म्हणतात फळीच्या वर, दगडावर लावा, तिथंच शोभतो. नवरा म्हणतो फायरप्लेसच्या पोटात कपाट करून त्यात बसवू, नाहीतरी ती पेटवतो कधी? मला दोन्ही पटत नाही, पण 'मग कुठं?' म्हटलं की माझ्याकडं उत्तर नसतं.

फायरप्लेसच्या समोरच्या भिंतीत तीन मोठ्या खिडक्या आहेत. डावीकडच्या आखूड भिंतीत व्हरांड्याचं दार. उजवीकडच्या आखूड भिंतीला सासूबाईंचं शिसवी कपाट आणि वर घड्याळ.

फायरप्लेस फोडा असं कुणी सुचवू नका. ती राहणार.

रिमोट_हरवला

पहिला नंबर माझा! टीव्ही खोक्यातच राहू द्या, घरात शांतता नांदेल. (हलके घ्या.)

निपाणीकर

सासरेबुवांना माझा पाठिंबा. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या नजर फायरप्लेसवरच जाते ना? मग टीव्ही तिथंच हवा. एका खोलीत बघण्याच्या दोन जागा केल्या की सोफा कुणीकडं तोंड करून ठेवायचा तेच कळत नाही. आमच्या चुलतभावाकडं असाच टीव्ही आहे, फळीवर. झकास दिसतो. पाहुणे फोटो काढतात.

काळा_कातळ

मी बांधकामातला माणूस, म्हणून आधी प्रश्न विचारतो, मग बोलतो.

फायरप्लेस खरंच पेटवता का, की नुसती शोभेला आहे? चिमणीचं वरचं तोंड उघडं, झाकलेलं की बुजवलेलं? पावसाळ्यात त्या भिंतीला ओल दिसते का? आणि दगडांचे सांधे कशाचे आहेत, चुन्याचे की नंतर कुणी सिमेंट भरलंय?

याची उत्तरं आल्याशिवाय वर लावा, खाली लावा हे सगळं हवेत.

कॅम्पातली_सून

@काळा_कातळ, डिसेंबर-जानेवारीत एखाद्या रात्री पेटवतो, तेही पाहुणे असले तर. चिमणीवर सासऱ्यांनी पत्रा टाकून वर दगड ठेवलाय, कारण आत पाकोळ्या घरटी करायच्या. शेकोटीच्या दिवशी गडी वर चढून पत्रा सरकवतो. सांधे चुन्याचेच, नखानं खरवडलं तर पांढरी पूड येते. ओल... फळीच्या वर उजव्या बाजूला एक तपकिरी डाग आहे. जुलैत गडद होतो, मार्चमध्ये जवळजवळ दिसेनासा होतो. गळती आहे म्हणून दोनदा कौलं चाळून घेतली, डाग तिथंच.

मोजपट्टी

जरा हिशोब करू. ५५ इंच हे तिरकं माप. प्रत्यक्ष पडदा साधारण ४८ इंच रुंद, २७ इंच उंच. फळी ५७ इंचांवर, त्यावर तीनेक इंच मोकळे सोडले तर पडद्याचा मध्य जमिनीपासून साधारण ७४ इंचांवर. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे ४२ इंचांच्या आसपास. म्हणजे पडद्याचा मध्य डोळ्यांपेक्षा ३२ इंच वर.

दहा फुटांवर बसलात तर मान सुमारे १५ अंश वर. आठ फुटांवर बसलात तर १८. हे झालं मध्याचं, वरची कड आठ फुटांवरून २५ अंशांच्या पुढं जाते. दहा मिनिटांच्या बातम्यांना चालेल. वन-डे मॅच सुरू झाली की दुसऱ्या डावापर्यंत मान आखडलेली असेल.

निपाणीकर

@मोजपट्टी, त्याला टिल्ट ब्रॅकेट असतो की राव. पडदा खाली झुकवायचा, झालं काम.

मोजपट्टी

पडदा झुकवल्यानं चित्र नीट दिसतं, रंग फिके पडत नाहीत. मान तेवढीच वर राहते. टीव्ही झुकला म्हणून तुमचे डोळे वर सरकत नाहीत.

खाली ओढता येणारे स्प्रिंगचे ब्रॅकेट मिळतात, बघताना टीव्ही फळीच्या पुढून खाली घ्यायचा. पण ते महाग, आणि भिंतीवर त्यांचा जोर जास्त. त्यावर काळा_कातळ बोलतीलच.

रिमोट_हरवला

रिमोट कुणाच्या हाती हे ठरल्याशिवाय टीव्ही कुठंच लावू नका. आमच्याकडं आठला आईची कन्नड मालिका, नऊला बायकोची मराठी, आणि जाहिराती लागल्या की मला बातम्या. सीमाप्रश्न आमच्या हॉलमध्ये रोज रात्री सुटतो आणि सकाळी परत उभा राहतो.

समन्वयक

सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे. तो बंद केलेला आहे. इथं कृपया दगड आणि टीव्ही एवढ्यावरच बोलावं.

किल्ल्यामागचा

थोडं अवांतर. बेळगावात फायरप्लेस कशाला, असं बाहेरचे लोक नेहमी विचारतात. १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेनं किल्ला घेतला आणि मग इथं लष्करी छावणी वसली. कॅम्पातले जुने बंगले त्या काळाची देणगी. सेंट मेरी चर्च १८६९ चं, ते दगडकाम बघितलं की त्या वेळचा पाथरवट काय ताकदीचा होता ते कळतं. गाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, त्यामुळं थंडी बऱ्यापैकी पडते, पण फायरप्लेस लागावी इतकी मोजक्याच रात्री. साहेबाला घरची सवय, म्हणून बांधल्या असाव्यात असा माझा अंदाज.

आज्जी_ऑनलाइन

अंदाज चुकला बाळा. मी कॅम्पातच वाढलो. थंडीसाठी नव्हे, पावसासाठी पेटवायचे. आषाढात महिना महिना ऊन नसायचं. कपडे वाळायचे न्हाईत, गाद्यांना वास यायचा, मिठाला पाणी सुटायचं. मग शेकोटी पेटवून समोर दोरी बांधायची आणि मुलांचे कपडे वाळत घालायचे. आमची आई तिथंच बसून शेंगा भाजायची. टीव्ही कुठला तवा!

जांबोटी_पाऊस

आज्जींनी नेमकं बोट ठेवलं. सगळे इथं आगीचं बोलताहेत, आणि आपल्या भागात त्या भिंतीचा खरा शत्रू पाऊस आहे.

आमचं शेतावरचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या रस्त्याला. भिंती जांभ्याच्या, फायरप्लेस वडिलांनी हौसेनं बांधून घेतली. टीव्ही वर लावला, ४३ इंची. उन्हाळाभर छान. फायरप्लेस त्या काळात एकदाही पेटवली नाही, तेव्हा उष्णतेचा प्रश्नच नव्हता. पहिल्या पावसाळ्यात पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात धूसर पट्टा आला. टीव्ही तासभर चालू ठेवला की जायचा, दुसऱ्या दिवशी परत. ऑगस्टमध्ये टीव्ही सुरूच होईना. सर्व्हिसवाल्यानं मागचं झाकण काढून दाखवलं, बोर्डाच्या कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. तो म्हणाला, साहेब, टीव्ही ओल्या भिंतीला चिकटून टांगलाय तुम्ही. ब्रॅकेट काढला तर मागं भिंतीवर टीव्हीच्या मापाचा ओला चौकोन. बाकी भिंत वाऱ्यानं वाळायची, टीव्हीच्या आड वारा लागत नव्हता.

वॉरंटीत बसलं नाही. मॅन्युअल काढून बघितलं तर त्यात वापरायची मर्यादा ४० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता, तीही पाणी न धरता. आमच्याकडं जुलैत उघड्या हॉलमध्येच हवा त्याच्या वर जाते, भिंतीलगत तर विचारूच नका.

चिकोडी_एक्सप्रेस

तुमच्याकडं पाऊस आहे म्हणून रडताय, आमच्याकडं पाऊस नाही म्हणून. एक टँकर पाठवा.

काळा_कातळ

@कॅम्पातली_सून, उत्तरांबद्दल धन्यवाद. आता सविस्तर.

आधी तो डाग. कौलं चाळून जात नाही, कारण ती बहुधा कौलांची गळती नाहीच. वर्षानुवर्षं लाकडं जळाली की धुरातले क्षार चिमणीच्या आतल्या चुन्यात मुरतात. हे क्षार हवेतलं पाणी ओढतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की आतून ओल धरतात आणि तपकिरी डाग बाहेर येतो, वरून एक थेंब गळत नसला तरी. उन्हाळ्यात सुकतो. तुम्ही लिहिलेलं वर्णन अगदी तसंच आहे. त्यात वरती पत्रा गच्च टाकलाय, म्हणजे चिमणीत हवा खेळत नाही. पत्रा काढून बाजूनं जाळी असलेली टोपी बसवा. पाऊस आत येणार नाही, पाकोळ्याही नाहीत, आणि वारा वाहता राहील. खालचं तोंडसुद्धा फळ्या ठोकून बंद करू नका. यजमानांचा कपाटाचा बेत म्हणूनच मला पसंत नाही.

आता भोकं पाडण्याचं. तुमचा दगड बेसाल्ट. घरगुती ड्रिल त्याच्यावर नुसतं किंचाळतं, एसडीएसचं (ठोके मारत फिरणारं, जाड दांड्याच्या बिटाचं) हॅमर ड्रिल लागतं. मग मिस्त्री काय करतो? दगड सोडतो आणि सांध्यात भोक पाडतो. चुना मऊ, मिनिटात भोक तयार, प्लास्टिकचा गट्टू ठोकला, स्क्रू फिरवला, चहा पिऊन गेला. टीव्ही भिंतीला चिकटून असेपर्यंत ते टिकतंही. पण पुढं ओढायचा किंवा खाली घ्यायचा ब्रॅकेट असेल तर पंधरा किलोचा टीव्ही दोन फूट पुढं आल्यावर वरच्या बोल्टांना जी ओढ बसते ती चुना धरत नाही. पकड घ्यायची तर दगडाच्या पोटात, लोखंडी अँकर (भोकात फुलून घट्ट बसणारा बोल्ट) वापरून, कडेपासून लांब.

सगळ्यात महत्त्वाचं: त्या दर्शनी दगडांच्या मागं भरीव भिंत आहे असं धरून चालू नका. मागं धुराची वाट असते. कधी कधी पुढचा दगड पाच-सहा इंचांचाच असतो. ड्रिल आरपार गेलं तर पुढच्या शेकोटीला धूर टीव्हीच्या मागून हॉलमध्ये. आणि वायर लपवायला चिमणीच्या आतून न्यायची अक्कल कुणी दिली तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

जांभ्याबद्दल जांबोटीकरांना: जांभा सच्छिद्र, ठोकायचे अँकर त्यात कडा फोडतात. रासायनिक अँकर, म्हणजे भोकात चिकट रसायन भरून जाळीच्या नळीसकट बसवतात तो, जास्त बरा. मात्र तापणाऱ्या भिंतीत तो नको, उष्णतेनं त्याची पकड कमी होते.

खडेबाजारी

वाचनखूण साठवली.

मोजपट्टी

@काळा_कातळ +१. उष्णतेबद्दल एक भर. 'एखाद्याच रात्री पेटवतो' म्हणून निर्धास्त राहू नका. दगड हळूहळू तापतो आणि विझल्यावरही कितीतरी वेळ तापलेला राहतो. बघायचं असेल तर ज्या जागी टीव्ही येणार तिथं साधा थर्मामीटर चिकटवा, दोन-तीन तास नीट शेकोटी चालू ठेवा, आणि विझल्यावर तासाभरानं परत वाचा. ४० च्या वर गेला तर विषय संपला. फळी जितकी पुढं आलेली तितकी उष्णता बाहेर फेकली जाते, पण दगड आतून तापतो त्याला फळी काही करत नाही.

निपाणीकर

सगळ्यांनी मिळून टीव्हीला घाबरवून सोडलंय. चुलतभावाचा टीव्ही अजून चालू आहे हो!

जांबोटी_पाऊस

@निपाणीकर, निपाणीत पाऊस किती आणि कणकुंबी-जांबोटीकडं किती! घाट जितका जवळ तितकी भिंत ओली. तुमच्या भावाचा टीव्ही तिथं चालतो म्हणून आमच्याकडं चालेल असं नाही.

निपाणीकर

हे मान्य. पण मग कॅम्पाचं काय? बेळगाव ना घाटात ना पठारावर, मधेच कुठंतरी.

जांबोटी_पाऊस

त्यांच्या भिंतीवर डाग आहे. भिंतीनंच सांगितलंय की.

चिकोडी_एक्सप्रेस

आता माझा अनुभव, आणि तो यजमानांच्या बाजूनं. आमच्या भाड्याच्या जुन्या घरात फायरप्लेस होती, चिमणी वरून कायमची बुजवलेली. मी तोंडात ३२ इंची ठेवला. छान बसला. तीन बाजूंनी दगडी चौकट, जणू टीव्हीसाठीच बांधलेली. जमिनीवर गादी टाकून बघायचो, मस्त.

अडचणी सांगतो. सोफ्यावर बसणाऱ्याला मान खाली घालावी लागते. रिमोट अगदी समोरूनच चालतो, बाजूनं दगड आडवा येतो. आवाज आत घुमतो. आणि अधूनमधून वरून काजळीची चिमूट पडायची, टीव्हीच्या वरच्या कडेवर काळी रेघ. ५५ इंची तुमच्या तोंडात मावेल का तेच आधी बघा, ४८ इंच रुंदी लागते, वर दोन्ही बाजूंना हवा खेळायला जागा.

कॅम्पातली_सून

तोंड ४२ इंच. म्हणजे नवऱ्याचा प्रस्ताव मोजपट्टीनंच फेटाळला. त्याला दाखवलं, तो म्हणाला 'मग ४३ इंची घ्यायला हवा होता.' ४३ ची रुंदी किती होते ते बघायची तसदी घेतली नाही. (अडतीस-एक इंच होते, मी बघितलं. त्याला सांगणार नाही.)

गोकाकचा_करदंट

आमच्या एका पाहुण्यांकडं फायरप्लेसमध्ये गणपती बसतो. खरंच. आत पांढरा रंग दिलाय, दोन दिवे, मागं मखमलीचा पडदा. दगडाची कमान आयतीच. अकरा दिवस गणपती, उरलेलं वर्षभर समई आणि पितळी घागर. सासरेबुवांना विचारून बघा. एकदा तिथं गणपती बसला की वर टीव्ही लावायचं नाव कुणी काढणार नाही, देवाच्या डोक्यावर टीव्ही कोण लावेल?

रिमोट_हरवला

हा करदंट माणूस वकिलीत हवा होता.

वास्तुवाला_नव्हे

फायरप्लेस कुठल्या दिशेला आहे? आग्नेयेला असेल तर उत्तम. नसेल तर... असो, नावातच सांगितलंय, मी वास्तुवाला नव्हे.

आज्जी_ऑनलाइन

सगळं वाचलं. एवढं गणित करूलालाय, पण बसायचं कसं ते कुणीच बोलंना.

अगं पोरी, हॉलमध्ये माणसं येतात ती एकमेकांच्या तोंडाकडं बघायला. सोफा सगळा टीव्हीकडं केलास की आलेला पाहुणा सुद्धा पडद्याकडं बघत चहा पितो. मी सांगतो तसं कर. फायरप्लेसच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या, मामंजींची एक ठरलेली. उजवीकडच्या भिंतीला बुटक्या टेबलावर टीव्ही. सोफा त्याच्यासमोर, दाराकडं पाठ करून, पण दाराला चिकटून नको, मागनं माणूस जायला वाट ठेव. मग शेकोटी सोफ्याच्या एका अंगाला आली, खिडक्या दुसऱ्या अंगाला. टीव्ही बंद केला की खुर्च्या आणि सोफा मिळून गप्पांचा कोंडाळा आपोआप होतो.

मोजपट्टी

आज्जी, दंडवत. आणि याचा एक फायदा तुम्ही न सांगताच आलाय. फायरप्लेसवर टीव्ही लावला असता तर समोरच्या तीन खिडक्यांचा उजेड थेट पडद्यावर. दुपारच्या मॅचला खेळाडूंऐवजी खिडकीचे गज दिसले असते. आखूड भिंतीवर उजेड बाजूनं येतो, खिडकीच्या एका पडद्यानं भागतं. ५५ इंचीला सात ते नऊ फूट अंतर पुरतं, म्हणजे १८ फुटी हॉलमध्ये सोफ्यामागं चांगली वाट उरते. उंची अशी ठेवा की पडद्याचा मध्य ४२ इंचांच्या आसपास येईल, म्हणजे दोन फुटी टेबल आणि टीव्हीचे स्वतःचे पाय. भिंतीत एकही भोक नको.

कॅम्पातली_सून

आज्जी, पटलं. अगदी पटलं. पण तिथं सासूबाईंचं शिसवी कपाट आहे. त्यांच्या माहेराहून आलेलं. ते हलवा म्हणायची हिंमत या घरात अजून कुणी केलेली नाही.

रिमोट_हरवला

आत्ता कळलं टीव्ही खोक्यात का आहे.

शहापूरची_पैठणी

कपाट दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीला जाईल का? तिथं ते फायरप्लेसच्या बरोबर समोर येईल, मानाच्या जागी. सासूबाईंना असं सांगायचं: 'तुमचं कपाट कोपऱ्यात दबून गेलंय, समोर आणू या.' टीव्हीचं नाव चार दिवस काढायचं नाही.

कॅम्पातली_सून

दोन खिडक्यांच्या मध्ये ३८ इंच भिंत आहे, कपाट ३६. वाचून उठले, मोजून आले. देव तुमचं भलं करो.

काळा_कातळ

कपाट ओढताना खाली पोती घाला. शिसव फार जड, आणि जुनी शहाबादी असेल तर तडा जाईल. चार माणसं बोलवा. आतलं सामान आधी काढा, हे सांगावं लागतं कारण कुणी काढत नाही.

निपाणीकर

सासरेबुवांचं काय? एकटा मीच त्यांच्या बाजूनं उरलोय.

मोजपट्टी

त्यांच्याशी वाद घालू नका, करून दाखवा. टीव्हीचं खोकं आहेच. त्याचा पुठ्ठा ४८ बाय २७ इंचांचा कापा आणि फळीच्या वर दोरीनं टांगा. सासऱ्यांना त्यांच्या खुर्चीत बसवा आणि अर्धा तास त्या पुठ्ठ्याकडं बघत रेडिओवरची कॉमेंट्री ऐकायला सांगा.

कॅम्पातली_सून

अपडेट.

पुठ्ठा टांगला. सासरे बसले, म्हणाले 'काय वाईट आहे?' दहा मिनिटांनी खुर्ची मागं सरकवली. मग अजून मागं. मग उशी मागितली, मानेखाली घ्यायला. मी गप्प, नवरा गप्प. शेवटी खुर्ची खिडकीला टेकली तेव्हा स्वतःच म्हणाले, 'इथनं आकडे दिसायचे नाहीत.'

पण त्यांची एक अट आहे. फळीच्या वरची जागा रिकामी ठेवायची नाही, तिथं आजेसासऱ्यांचा लष्करी पोशाखातला फोटो लागणार. आणि त्यांची खुर्ची फायरप्लेसपाशीच राहणार, तिथून टीव्ही दिसायला हवा.

सासूबाईंनी कपाट हलवायला होकार दिला. शहापूरच्या पैठणीचं वाक्य जसंच्या तसं वापरलं. त्या म्हणाल्या, 'मला वाटलंच होतं टीव्ही येणार म्हणून.' पण हो म्हणाल्या.

गोकाकचा_करदंट

फोटो लावताना डाग उजवीकडं आहे हे लक्षात ठेवा. जुना फोटो ओल्या दगडाला टेकवू नका, मागं चार लाकडी गुटके लावा म्हणजे वारा खेळेल. नाहीतर जांबोटीकरांच्या टीव्हीचं झालं तेच आजोबांचं होईल.

मोजपट्टी

खुर्चीसाठी: बाजूनं बघताना सगळे पडदे सारखे नसतात. काही पॅनेलचे रंग कडेनं बघितलं की लगेच फिके पडतात, काहींचे टिकतात, ओएलईडी असेल तर फारच चांगले. तुमचा कुठला ते खुर्चीत बसून बघा. फिके पडत असतील तर टेबलावर फिरतं स्टँड घ्या, मॅचला दहा-पंधरा अंश खुर्चीकडं वळवायचा.

आवाजाबद्दल कुणी बोललं नाही. दगडी भिंती, फरशी, उंच छत, म्हणजे शब्द घुमणार. साउंडबार घेण्याआधी सोफ्यासमोर एक जाड सतरंजी टाका आणि खिडक्यांना जाड पडदे लावा. अर्धं काम तिथंच होतं.

जांबोटी_पाऊस

आणि वळीव! एप्रिल-मेमध्ये ढग वाजायला लागले की टीव्हीचा प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढायच्या. नुसता स्विच बंद करून उपयोग नाही, वीज डिशच्या वायरमधूनही येते. आमच्या शेजाऱ्यांचा सेट-टॉप बॉक्स असाच गेला, टीव्ही बंद होता तरी. जुन्या घरांत अर्थिंग आहे की नुसतं तिसरं भोक आहे, तेही एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

खडेबाजारी

धागा वाचून मीही टीव्ही भिंतीवरून उतरवला. मागं पाल होती.

कॅम्पातली_सून

वायरमन शनिवारी येतोय. एकच उरलं: चिमणीच्या जाळीच्या टोपीचं. इकडचे फॅब्रिकेशनवाले 'चिमणी' म्हटलं की स्वयंपाकघरातली समजतात. माप कसं द्यायचं?

काळा_कातळ

चिमणीच्या तोंडाचं बाहेरून माप घ्या, लांबी-रुंदी दोन्ही. टोपीचा पत्रा प्रत्येक बाजूनं सहा इंच बाहेर हवा, नाहीतर वाऱ्याच्या पावसात पाणी जाळीतून आत मारतं. पत्रा आणि चिमणीची कड यात निदान आठ-नऊ इंच उभी मोकळीक, तिथं अर्ध्या इंचाची जाळी. चार पाय दगडात रोवायचे नाहीत, बाहेरून पट्टा आवळायचा. पत्रा गॅल्व्हनाइज्ड, साधा लोखंडी दोन पावसांत गंजेल. आणि काम मेच्या मध्यापर्यंत उरका, नंतर त्या कौलांवर चढायला कुणी तयार होणार नाही. आताच पाकोळ्यांची घरटी आत आहेत का बघा, पिल्लं असतील तर उडून जाईपर्यंत थांबा.

चिकोडी_एक्सप्रेस

५५ इंचीचं उरलेलं खोकं टाकून देऊ नका, मांजर पाळलं असेल तर.